सिदेरिसचे उन्हाळे

आमच्या गावात माणसाची किंमत त्याच्या झाडाखालच्या जमिनीवरून ठरते. मस्तकीच्या झाडाच्या बुंध्याला खाच पाडली की डिंकाचा थेंब निघतो, लोंबतो आणि दोन दिवसांनी खाली पडतो. तो मातीत मिसळला की वाया गेला. म्हणून जुलै उजाडायच्या आत जो तो आपल्या झाडाखाली गुडघे टेकून काडी न् काडी झाडून काढतो आणि वर पांढऱ्या मातीचा थर देतो. माझ्या भावाच्या, सिदेरिसच्या, झाडांखाली तुम्ही ताट न घेता जेवला असता.

झाडं दोनशे चाळीस. सगळी बापाकडून आलेली. सिदेरिस बोलायला कमी, हसायला त्याहून कमी; पण खाच पाडायचा टोच्या हातात आला की त्याच्याकडं बघत राहावं. आठव्या वर्षी बापानं त्याला मोजायला शिकवलं ते शाळेच्या पाटीवर नाही, झाडावर. तरण्या झाडाला अख्ख्या हंगामात दहा-वीस खाचा, पोक्त झाडाला साठ, आजोबाच्या वेळच्या झाडाला फार तर शंभर. त्याही आठवड्यात दोनदाच, चार-चार, पाच-पाच, बुंध्याच्या तळापासून हळूहळू वर चढत. जास्त पाडल्या की त्या वर्षी डिंक धो धो येतो आणि पुढच्या वर्षी झाड वाळतं. चाळिशी उलटली तरी सिदेरिस ओठांतल्या ओठांत मोजत खाचा पाडायचा.

हे उन्हाळ्याचं झालं. हिवाळ्यात तो आजारी पडायचा.

डिसेंबर लागला की आमच्याकडं बायका एकेकीच्या घरी जमतात, मांडीवर परात घेऊन डिंकाला चिकटलेला कचरा चाकूच्या टोकानं खरवडत बसतात. गप्पा, चेष्टा, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी. सिदेरिसच्या घरी बसलो की आम्ही आवाज बारीक करायचो, कारण मागच्या खोलीत तो भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. दाढी वाढलेली, पायांत मोजे आठवडाभर तेच. त्याची बायको मार्केला ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची. एकदा मी आत गेले तर म्हणाला, "अक्का, मी नसतो तर तुमचं लई सोपं झालं असतं." मी म्हटलं, गप, काहीतरी बोलतोस, आणि पाणी-तेल घेऊन आले.

कारण गावात दृष्ट बघणारी मीच. वाटीभर पाण्यात ऑलिव्ह तेलाचे तीन थेंब सोडायचे. थेंब आख्खे राहिले तर काही नाही, पसरले तर दृष्ट. मंत्र बाईला पुरुषाकडूनच मिळावा लागतो. मला तो पांतेलीसकाकाकडून मिळाला, बापाच्या धाकट्या भावाकडून. सिदेरिसवर तेल सोडलं की दर वेळी पसरायचं, मला जांभयांवर जांभया यायच्या, डोळ्यांतून पाणी. उन्हाळ्यात एवढं राबलेल्या माणसाला गावाची नजर लागणारच, असं मी सांगायची आणि सगळ्यांना पटायचं. वसंतात तो उठायचा. उठला की मंत्राचं नाव व्हायचं.

आजार हा शब्द आम्ही फक्त हिवाळ्यापुरता वापरला. चूक तिथं झाली, आणि ती माझी होती.

गेल्या फेब्रुवारीत तो सहा दिवस जेवला नाही, तेव्हा मार्केला मला न विचारता त्याला दवाखान्यात घेऊन निघाली. मी मागून जाऊन गाडीत बसले. तिचं माहेर पलीकडच्या गावचं. तिकडची माणसं उठसूट डॉक्टरकडं पळतात, असं आमच्याकडं म्हणतात. डॉक्टर पोरगेलासा होता, खेड्यावरच्या सक्तीच्या नोकरीवर आलेला. त्यानं नीट विचारलं. झोप, भूक, मरणाचे विचार. मग म्हणाला, "मधूनच कधी याच्या उलट होतं का? झोप न लागता भरपूर ताकद, बोलणं थांबत नाही, नको तेवढी कामं अंगावर घेणं? घरात आणखी कुणाला असं काही?"

मार्केलानं तोंड उघडलं होतं. मी तिच्या आधी बोलले, "डॉक्टर, माझा भाऊ उन्हाळ्यात काम करतो. आमच्याकडं सगळेच करतात. आणि घरात कुणाला काही नाही."

सिदेरिस पायांकडं बघत होता. मार्केलानं माझ्याकडं पाहिलं आणि गप्प बसली. डॉक्टरनं मन वर यायच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि वागण्यात काहीही बदल वाटला तर ताबडतोब या, नाहीतर तीन आठवड्यांनी याच, असं दोनदा बजावलं. तीन आठवड्यांनी सिदेरिस अंगणात लाकडं फोडत होता. बरा झालेला माणूस डॉक्टरला कशाला दाखवायचा? गोळ्या तेवढ्या चालू राहिल्या. मार्केला म्हणत होती जाऊन येऊ. मी म्हटलं, कशाला पेट्रोल जाळतेस.

ईस्टरला तो नाचला. गेली तीन वर्षं कुणी त्याला नाचताना बघितलं नव्हतं. बायका मला म्हणाल्या, अर्गिरो, तुझ्या हाताला गुण आहे.

मेमध्ये त्यानं आपल्या झाडांखालची जमीन झाडली. मग माझ्या झाडांखालची. मग शेजारच्या बार्बा कुलिसची. बार्बा म्हणजे आमच्याकडं म्हाताऱ्याला मानानं म्हणतात तसं. कुलिस सत्तरीचा, गुडघ्यांनी अधू, जिभेनं धड. कॉफीच्या दुकानात त्यानं जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून आपण काही करणार नाही, नुसती खुर्ची टाकून सिदेरिसला बघत बसणार. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, आमच्या जावयाला चार दिवस त्याच्याजवळ बांधून ठेवा, वाण नाही पण गुण तरी लागेल. सिदेरिसनं पांढरी माती तीन ट्रक मागवली. एवढी माती चार घरांना चार वर्षं पुरली असती. ती त्यानं झाडांखाली पसरली, बांधावर पसरली, वाटेवर पसरली. दुपारच्या उन्हात त्या वाटेनं चालताना डोळे उघडवत नव्हते.

तो आता बोलायला लागला होता. आधी बरं वाटायचं. मग लक्षात आलं की बोलण्यात दुसऱ्याला जागाच नाही. मस्तकीवरून समुद्रावर, समुद्रावरून बापावर, बापावरून अमेरिकेतल्या कुठल्याशा कारखान्यावर. मध्येच कुणी अडवलं की डोळ्यांत एक ठिणगी दिसायची, आणि ती मला ओळखीची होती. मी तिकडं बघायचं टाळायची.

जूनच्या शेवटी मार्केला माझ्याकडं आली. बसली नाही. म्हणाली, "अक्का, ते झोपत न्हाईत. तीन तास, कधी दोन. रात्रभर छतावर फिरतात."

आमची घरं एकाला एक जोडलेली, छतं एका उंचीची. गावाच्या या टोकाला चढलेला माणूस जमिनीला पाय न लावता त्या टोकाला उतरू शकतो. उन्हाळ्यात माणसं छतावर झोपतात, त्यामुळं तिथं फिरणं काही नवल नव्हतं.

"तुझ्या माहेरचे बाप्ये झोपाळू असतील," मी म्हटलं. "आमचा कामाचा आहे."

तिचा चेहरा पडला. पण ती रडली नाही. म्हणाली, "मी कॅलेंडरावर लिवून ठिवतीय, किती झोपले ते. तुमाला कवा बघावंसं वाटलं तर चुलीजवळ टांगलंय."

पंधरा जुलैला खाचा पाडायला सुरुवात होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बार्बा कुलिस माझ्या दारात येऊन उभा राहिला. काठी दोन्ही हातांनी धरलेली. एवढ्या सकाळी तो कधी चेष्टा केल्याशिवाय बोलला नव्हता.

"पोरी," म्हणाला, "भावाची झाडं बघून ये."

"काय झालं?"

"बघून ये म्हनतोय न्हवं."

वाटेत पहिल्यांदा वास आला. मस्तकीचा वास गोड, थंड, चर्चमध्ये घेऊन जाणारा. पण तो इतका दाट कधी नसतो. घशाला चिकटत होता. मग झाडं दिसली. बुंधे उभे-आडवे चिरलेले, खाचेवर खाच, खाचेच्या पोटात खाच; जिथं कधी कुणी टोच्या लावत नाही अशा मनगटाएवढ्या फांद्यांवरसुद्धा. सगळीकडून डिंक ओघळत होता. पांढऱ्या मातीवर थेंब नव्हते, थारोळी होती.

सिदेरिस एका फांदीवर बसून काम करत होता. दोन्ही तळहात सोललेले, सदरा उघडा, आवाज बसलेला. मला बघून आनंदानं ओरडला, "अक्का, ये, बघ! माझ्या ध्यानात आलं. झाड द्यायला बसलंय, आपुनच घ्यायला भितो. शंभर म्हनं! कुनी ठरीवलं शंभर? पंधरा ऑगस्टच्या सणाच्या आत सगळा हंगाम खाली आनतो. पुढल्या दहा वर्साचा सुदिक."

मी म्हटलं, खाली उतर, हात बघू. तो बोलतच राहिला. मी पाय धरून ओढला. तेव्हा तो उतरला, एका उडीत, टोच्या हातात तसाच. माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर ते लोखंडी टोक थांबलं. त्याला ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

"तूबी," म्हणाला. "तूबी त्यातलीच. काकाला असंच केलं तुमी. काका काय पाय घसरून पडला? त्याला सगळ्यांच्या आदी कळलं हुतं, म्हनून तो वर गेला. पंधरा ऑगस्टला मीबी वरनं सांगतो सगळ्या गावाला. छतावरनं. बघाच तुमी."

मी मागं सरले. टोच्याला भिऊन नव्हे.

पांतेलीसकाकाचा शेवटचा उन्हाळा मी तेरा वर्षांची असताना झाला. त्या उन्हाळ्यात त्यानंही झाडं अशीच चिरली होती आणि छतांवरून गाणी म्हणत पळाला होता. घरातली मोठी माणसं म्हणाली, हंगाम संपू दे, आपोआप उतरंल. हंगाम संपला. काका उतरला. आठ दिवस एक शब्द बोलला नाही, आणि नवव्या दिवशी छतावरून पडला. पाय घसरला, असं आमच्या घरात सांगतात. मीही तेच सांगत आले.

परत येताना कॉफीच्या दुकानापुढं दोघा-तिघांनी विचारलं. त्यांनाही काहीतरी कळलं होतं. चांगल्या मनानं सल्ला दिला: आता ऐन हंगामात माणसाला शहरात नेलं तर झाडं कोण बघणार, आणि वेड्यांच्या वॉर्डात एकदा गेलेल्याच्या घरातल्या पोरींना उद्या कोण करून घेणार? दोन महिने थांब. हंगाम संपू दे. तेच शब्द, तीस वर्षांनी.

मी मार्केलाच्या घरी गेले आणि चुलीजवळचं कॅलेंडर काढलं. तिनं पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिले होते. मेमध्ये पाच, पाच, चार. जूनमध्ये तीन. शेवटच्या सहा दिवसांत दोन, एक, दोन, शून्य, एक, शून्य. मी मागं उलटत गेले. गेल्या वर्षाचंही तिनं ठेवलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षाचं. दर हिवाळ्याच्या आधी एक असा उन्हाळा, आणि दर साली आकडे खाली. मी ज्याला कष्ट म्हणत होते ते सगळं तिथं लिहिलेलं होतं.

"तू बोलली का न्हाईस?" मी विचारलं.

"बोलू दिलं का तुमी?"

मग तिनं मला बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की शहरातल्या इस्पितळात तिनं फोन करून ठेवलाय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, झोप गेलीय, हातात धारदार वस्तू आहे, उंचावर जायच्या गोष्टी करतो, तर एक दिवसही थांबू नका. समजुतीनं आला तर उत्तम, नाहीतर सरकारी वकिलाच्या हुकमानं पोलिस आणतील. "पोलिस नकोत, अक्का," ती म्हणाली. "पर येत न्हाईत म्हनले तर मी बोलवनार. तुमी आडव्या आला तरी."

"आडवी न्हाई येत," मी म्हटलं. "सकाळपतुर दे मला. मग तुझं खरं."

ती रात्र आम्ही दोघींनी छतावर काढली, त्याच्या मागून, चार पावलं सोडून.

उजाडताच तो झाडांकडं निघाला. मी सोबत गेले. थांब म्हटलं नाही, रागावले नाही. आजोबाच्या वेळच्या सगळ्यात जुन्या झाडापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "मला पटत न्हाई तू जास्त पाडल्यास म्हनून. लोक जळत्यात. मोजून दाव. ह्ये एकच झाड."

त्याला आव्हान आवडलं. बुंध्याच्या तळाशी बोट ठेवून भराभर मोजायला लागला, मध्ये विनोद करत. साठाला बोट गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं. शंभराला मांडीजवळ. त्याचा आवाज जरा खाली आला. दीडशे. दोनशे. आता तो विनोद करत नव्हता; बाप शिकवायचा तसा ओठांतल्या ओठांत मोजत होता. दोनशे सदतीसला बोट अशा जागी आलं की पुढं मोजायला सालच नव्हती. हातभर उंचीची नुसती सोललेली, ओली जागा.

त्यानं सोललेला तळहात त्या जागेवर ठेवला.

"अक्का, ह्ये मी केलं?"

"व्हय."

"कवा?"

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला भीती दिसली, आणि ती भीतीच आता आमच्या कामाची होती. ती किती वेळ टिकेल सांगता येत नव्हतं. मी हात केला. बांधापलीकडं मार्केला पिकअप सुरू करून उभी होती. बार्बा कुलिस आधीच येऊन बसला होता. सिदेरिस जवळ आला तसा तो खाली उतरला, म्हणाला, "तू मदी बस. मला दाराला लागतं, वळनावर उलटी हुती." आणि त्याला आत सारून दार लावून घेतलं. अख्खं आयुष्य बोटीवर काढलेला माणूस तो; त्याला कसली उलटी.

मी मागं, रिकाम्या पोत्यांवर. मागची काच फुटकी असल्यामुळं सगळं ऐकू येत होतं. पहिली दोन वळणं सिदेरिस गप्प होता. मग गाणं म्हणायला लागला. मग उतरवा मला म्हणाला, पंधरा तारखेपर्यंत कामं आहेत. मग मला शिव्या. मग रडला. मग बार्बाला समजावू लागला की छतावरून उतरायला जिना लागत नाही. बार्बा दाराच्या दांडीला घट्ट धरून बसला होता आणि प्रत्येक वाक्याला म्हणत होता, "आसंल बाबा. आसंल." मार्केलानं एकदाही मान वळवली नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. सिदेरिसला समोर बसवलं, त्याच्याशी आधी बोलल्या, तो बोलला तेवढं बोलू दिलं. कॅलेंडरं पाहिली. गोळ्यांची डबी पाहिली, आणि विचारलं, "या गोळ्या देताना उन्हाळ्याबद्दल डॉक्टरांना सांगितलं होतं?"

मार्केला जमिनीकडं बघत होती. या वेळी ती माझ्यासाठी जागा सोडत होती.

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हटलं. "मी न्हाई म्हटलं."

बाईंनी रागावल्याचं दाखवलं नाही. म्हणाल्या, "या आजाराला दोन तोंडं असतात. एकच दाखवलं तर औषध दुसऱ्याला चढवतं. घरात आणखी कुणाला होतं?"

सिदेरिसची नजर माझ्यावर आली.

मी सांगितलं. काकाचा उन्हाळा, चिरलेली झाडं, आठ दिवसांचं मुकेपण. आणि जे मी आईलासुद्धा दुसऱ्यांदा सांगितलं नव्हतं, तेही. त्या दिवशी छतावर सगळ्यांच्या आधी मी पोहोचले होते. कठड्याजवळ काकाचे जोडे काढून ठेवलेले होते, शेजारी शेजारी, नाडीच्या गाठी सोडून. पाय घसरणारा माणूस नाड्या सोडत नाही. ते जोडे मी झग्याआड खाली आणले, आईच्या हातात दिले, आणि आई म्हणाली, तू काही बघितलं नाहीस.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुला ठाऊक हुतं," सिदेरिस म्हणाला. बसलेला आवाज, पण त्यात घाई नव्हती. किती महिन्यांनी. "माझं उनाळं बघत हुतीस, आन् तुला ठाऊक हुतं."

"व्हय."

"आन् तेल सोडत बसलीस."

मी मान हलवली. तो उठला. मला वाटलं आता मारतो किंवा पळतो. त्यानं खिशातून टोच्या काढला, बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हिला आत येऊ देऊ नका. बायकूला येऊ द्या." मग आत गेला. स्वतःच्या पायांनी.

आधीच्या गोळ्या बंद झाल्या, दुसऱ्या सुरू झाल्या. बाईंनी आम्हा दोघींना उभ्या उभ्या सांगितलं की धोका टळलेला नाही. उलट हा जेवढा वर गेलाय तेवढा खाली येईल, आणि यायच्या वाटेवर तो आमच्या नजरेत नाही, त्यांच्या नजरेत असला पाहिजे. किती दिवस ते सांगता येत नाही.

पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या सणाला, गावात घंटा वाजत होत्या. मी चर्चला गेले नाही, इस्पितळाच्या जिन्यात बसून होते. दुपारी मार्केला बाहेर आली. सांगितलं, भरती झाल्याच्या नवव्या दिवसापासून बोलणं बंद झालंय. भिंतीकडं तोंड करून पडलेत. खिडक्यांना गज आहेत, दर पंधरा मिनिटांनी परिचारिका येऊन बघून जाते, अंगावरचा पट्टा आणि बाकी सगळं काढून घेतलंय.

"डॉक्टर काय म्हनत्यात?" मी विचारलं.

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. म्हणाली, "म्हनल्या, अजून उतरतुय. तळ लागला न्हाई."